नडगीचं दुखणं आणि जानेवारीची मॅरेथॉन: सोलापुरातल्या एका धावपटूचं प्रकरण

पार्श्वभूमी

धावपटू पुरुष, वय ४३, वजन ६८ किलो. टॉवेल विणणाऱ्या कारखान्यात पर्यवेक्षक. दिवसाचे आठ-नऊ तास सिमेंटच्या फरशीवर उभं राहणं आणि मागांच्या रांगांमधून फेऱ्या मारणं हे त्यांचं काम. (ओळख पटू नये म्हणून काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत.) तीन वर्षांपासून नियमित धावणारे, अर्धमॅरेथॉनची उत्तम वेळ १ तास ५४ मिनिटं. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबईच्या शर्यतीत पहिल्यांदा पूर्ण ४२.२ किलोमीटर धावायचं ठरवून त्यांनी नाव नोंदवलं होतं.

सरावाची घडी साधी होती. पहाटे पाचला होटगी रस्ता किंवा विजापूर रस्ता, आठवड्यातून चार धावा, मिळून सुमारे ४४ किलोमीटर. मंगळवारी ४५ मिनिटं सोपी धाव, बुधवारी ६० मिनिटांत वेगाचे टप्पे, शुक्रवारी ५० मिनिटं सोपी धाव, रविवारी १३० मिनिटांची लांब धाव. डिसेंबरच्या मध्यापर्यंत आठवड्याला ६२ किलोमीटरवर जायचं आणि शेवटचे दोन-तीन आठवडे उतरत यायचं, असा प्रशिक्षकांचा आराखडा होता. कागदावर त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

अडचण कागदाबाहेर होती. ऑक्टोबरमध्ये त्यांनी नवरात्राचे नऊ दिवस उपास केला. दिवसभर चहा, केळं, थोडे शेंगदाणे आणि रात्री साबुदाणा किंवा भगर, एवढ्यावर सराव चालू राहिला. दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी कोजागरी. त्या रात्री सोलापुरातून हजारो लोक पायी तुळजापूरला निघतात, तसे तेही निघाले. सुमारे ४५ किलोमीटर, बहुतेक अंतर अनवाणी. डाव्या तळपायाला फोड आल्यामुळे शेवटचे दहा-बारा किलोमीटर उजव्या पायावर भार देत चालले. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ठरलेले वेगाचे टप्पे पूर्ण केले. नोंदवहीत त्या आठवड्यासमोर शेरा होता: ‘हलका आठवडा, लांब धाव नाही.’

आपल्याला इथेच थांबून हिशेब करायला हवा. धावेची मिनिटं गुणिले जाणवलेला जोर (० ते १०) ही भार मोजायची सोपी आणि रुळलेली पद्धत आहे. त्यांच्या नेहमीच्या आठवड्याचा हिशेब असा: ४५×४, ६०×६, ५०×४ आणि १३०×५, म्हणजे एकूण १,३९०. कोजागरीच्या आठवड्यात तीन धावांचे ७४०. पायी वारीत प्रत्यक्ष चालणं नऊ तास, म्हणजे ५४० मिनिटं, जोर ४ धरला तरी २,१६०. बेरीज २,९००. ज्या आठवड्यावर ‘हलका’ असा शेरा होता, तो नेहमीच्या दुपटीहून जड होता. चालताना प्रत्येक पावलाला नडगीवर येणारा ताण धावण्यापेक्षा कमी असतो हे खरं, पण साठ हजारांच्या घरातली पावलं, डांबरी रस्ता, पायात काही नाही आणि चाल बिघडलेली. शिवाय पोटात नऊ दिवसांची तूट.

दुखणं कसं वाढत गेलं

वारीनंतर दहा-बारा दिवसांनी उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर साधारण एक वीतभर, धाव सुरू करताना दुखायला लागलं. दोन-तीन किलोमीटरनंतर थांबायचं. ‘पोटरी भरली’ असं समजून तेल लावून शेक घेतला. पुढच्या आठवड्यात धाव संपल्यावरही दुखू लागलं, मग जिना उतरताना, मग पाळी संपवून घरी आल्यावर बसल्या जागी.

हा उशीर फसवा असतो. ताण अचानक वाढला की हाड आधी पोखरलं जातं आणि मग भरलं जातं. झिजलेला भाग काढून टाकण्याचं काम साधारण तीन आठवड्यांत होतं, नवा भाग भरून कडक व्हायला तीन-चार महिने लागतात. रस्ता दुरुस्त करताना खोदकाम आधी उरकावं आणि त्याच खड्ड्यांवरून वाहतूक चालू ठेवावी, तशी मधल्या आठवड्यांतली स्थिती असते. म्हणून ज्या दिवशी भार पडला त्या दिवशी काहीच जाणवत नाही. दुखणं उमटतं तेव्हा माणूस कालच्या धावेला दोष देतो आणि तीन आठवड्यांपूर्वीचं कारण विसरलेला असतो.

भाऊबीजेच्या रविवारी, शर्यतीला ११ आठवडे असताना, वेदनाशामक गोळी घेऊन त्यांनी २६ किलोमीटर पूर्ण केले. दुसऱ्या दिवशी सकाळी लंगडत होते.

निदान

जवळच्या दवाखान्यात क्ष-किरण चित्र काढलं. ते स्वच्छ आलं. ‘हाड ठीक आहे, पाच दिवस आराम करा’ असा सल्ला मिळाला. आराम झाल्यावर दहा किलोमीटरसाठी निघाले आणि तिसऱ्या किलोमीटरला थांबावं लागलं. उपचारांआधीची ती त्यांची शेवटची धाव, शर्यतीला बरोबर दहा आठवडे असताना.

हाडाच्या ताणजन्य दुखापतीत पहिले दोन-तीन आठवडे क्ष-किरणात बहुधा काही दिसत नाही. चित्र स्वच्छ आलं म्हणजे हाड स्वच्छ, असं नाही. निदान खरं तर बोटाने झालं. फिजिओथेरपिस्टनी नडगीची आतली कड इंच-इंच दाबून पाहिली. नडगीच्या साध्या सुजेत (धावणारे जिला ‘शिन स्प्लिंट’ म्हणतात) हा दुखरा पट्टा पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पसरलेला असतो. इथे दुखरी जागा दोन बोटांच्या टोकाखाली मावत होती. उजव्या पायावर एकदा उडी मारायला सांगितली, तर त्यांनी दुसरी मारलीच नाही.

“मॅडम, हाड कसं दुखंल? पोटरीच असणार,” असं ते म्हणत राहिले. दोन दिवसांनी एमआरआय झालं: हाडाच्या आवरणाला सूज, मज्जेतही सूज, पण भेगेची रेषा नाही. १९९५ मध्ये मायकल फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या चार श्रेणींच्या मोजपट्टीवर श्रेणी २. जागा नडगीच्या मागच्या-आतल्या कडेची, म्हणजे कमी धोक्याची. हीच सूज नडगीच्या पुढच्या कडेला असती, तर पुढचा सगळा विचार वेगळा झाला असता, कारण तिथलं हाड ताणलं जातं, भरायला फार वेळ घेतं आणि पूर्ण मोडण्याचा धोका मोठा असतो.

रक्तात ड जीवनसत्त्व दर मिलिलिटरला १४ नॅनोग्रॅम निघालं. २० च्या खाली कमतरता मानतात. सोलापूरच्या उन्हात हे ऐकून घरचे चकित झाले. पण माणूस सूर्य उगवण्याआधी धावतो आणि दिवसभर छपराखाली असतो. ऊन शहरात होतं, त्यांच्या अंगावर नव्हतं.

दहा आठवड्यांचा हिशेब आणि समोरचे पर्याय

श्रेणी २ ला धावण्याविना चार ते सहा आठवडे लागतात असा सर्वसाधारण अंदाज असतो. दहातून चार गेले, उरले सहा. चालणं-धावणं मिसळून सलग धावेपर्यंत यायला तीन. शर्यतीआधी उतरायचे दोन. लांब धावांसाठी उरला एक आठवडा. हा हिशेब पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहिला गेला, आणि ते फार बरं झालं.

पहिला पर्याय त्यांचा स्वतःचा: दहा दिवस आराम आणि मूळ आराखडा पुढे चालू. तो लगेच बाद झाला. श्रेणी २ वर धावत राहिलं की ती ३ किंवा ४ होते, आणि ४ म्हणजे भेग, प्लास्टर, कामावर रजा.

दुसरा, प्रशिक्षकांचा: चार आठवडे पूर्ण थांबायचं, पाण्यात दम टिकवायचा आणि जमलं तर मॅरेथॉन चालत-धावत पूर्ण करायची. तिसरा, फिजिओथेरपिस्टचा: आजच नाव काढून टाकायचं. यात वैद्यकीयदृष्ट्या काहीच चुकीचं नव्हतं. पण धावपटूची बाजूही खरी होती. जानेवारी हुकली की सोलापुरात लगेच दुसरी संधी नसते. फेब्रुवारीपासून ऊन चढत जातं, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि पूर्ण मॅरेथॉनचा सराव पुढच्या पावसाळ्यापर्यंत लांबतो. अंतर बदलून अर्धमॅरेथॉन घेण्याची सोय त्यांच्या नोंदणीत नव्हती.

ठरलं ते दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधलं. दुसऱ्या पर्यायाने चालायचं, पण एक अट लिहून ठेवायची: शर्यतीच्या २१ दिवस आधी २० किलोमीटर सलग, धावताना आणि पुढच्या २४ तासांत दुखणं शून्य. हे जमलं नाही तर नाव मागे. तिघांनी सह्या केल्या. सह्यांची कल्पना आम्हाला फार मोलाची वाटते, कारण डिसेंबरच्या अखेरीस माणूस ज्या मनःस्थितीत असतो, त्या मनःस्थितीत निर्णय घ्यायचा नसतो. तो नोव्हेंबरमध्येच घेऊन ठेवायचा असतो.

केलेलं काम

पहिले दहा दिवस चालणंही कमी केलं. कारखान्यात उंच स्टूल मिळालं, फेऱ्या निम्म्या झाल्या, पातळ चपलेऐवजी गादीचे बूट आले. सहाव्या दिवसापासून चालताना दुखणं थांबलं, त्यामुळे कुबड्यांची गरज पडली नाही. वेदनाशामक गोळ्या पूर्ण बंद. दुखणं हीच इथली मोजपट्टी होती, ती गोळीने झाकली तर भार किती झाला हे कळायला मार्गच उरत नाही. शिवाय या गोळ्यांमुळे हाड भरण्याची क्रिया मंदावू शकते.

दुसऱ्या आठवड्यापासून जलतरण तलावात पाण्यातलं धावणं, आठवड्यातून चार दिवस. कमरेला तरंगता पट्टा, पाणी गळ्यापर्यंत, पाय तळाला टेकू द्यायचे नाहीत. सुरुवात ३० मिनिटांनी, चौथ्या आठवड्यात ५५. त्यातल्या दोन दिवशी १० मिनिटं सोपं, मग ३ मिनिटं जोरात आणि १ मिनिट हळू अशा सहा फेऱ्या, शेवटी ८ मिनिटं सोपं. पहिल्या आठवड्यात नेहमीची चूक झाली: अंग पुढे झुकलं आणि पाय सायकल मारल्यासारखे फिरू लागले. धड ताठ ठेवून गुडघा वर आणि पाय मागे ढकलत नेला, तेव्हा मांडीचे मागचे स्नायू कामाला लागले. पाण्यात नाडीचे ठोके जमिनीपेक्षा दहा-पंधराने कमी दिसतात. म्हणून घड्याळाकडे न पाहता ‘दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येत नाही’ हा जोराचा निकष ठेवला.

ताकदीसाठी आठवड्यातून तीनदा टाच उचलणं, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दोन्ही प्रकारे. वाकवलेल्या गुडघ्याने पोटरीचा खोल स्नायू काम करतो, आणि नडगीवरचा वाकवणारा ताण सोसायला तोच जास्त उपयोगी पडतो. आधी दोन्ही पायांवर १२ चे तीन संच, दुखत नाही असं पाहून एका पायावर, मग मांडीवर १० किलो तांदळाची पिशवी. सोबत एका पायावर वाकणं आणि कुशीवर झोपून पाय उचलणं.

खाण्यात बदल घरच्यांनी केला. उपाशीपोटी सराव बंद. आधी केळं आणि शेंगदाण्याची चिक्की, नंतर तासाभरात दुधातली नाचणीची आंबील आणि दोन अंडी. दुपारी ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, पिठलं किंवा उसळ, वाटीभर दही. दिवसाला सुमारे १०० ग्रॅम प्रथिनं हे लक्ष्य. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना (कॅल्शियम) असतो, न सोललेल्या तिळात त्याहून बराच जास्त. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची मात्रा आठवड्यातून एकदा, आठ आठवडे दिली. ही मात्रा रक्त तपासून आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यावी, ऐकीव माहितीवर नाही.

अठ्ठाविसावा दिवस

धावायला परवानगीचे निकष तीन होते: दाबून दुखणं शून्य, ३० मिनिटं झपझप चालून दुखणं शून्य, आणि एका पायावर दहा उड्यांचे तीन संच दुखण्याविना. अठ्ठाविसाव्या दिवशी पहिले दोन पूर्ण झाले. तिसऱ्यात, दुसऱ्या संचाच्या सातव्या उडीला दुखणं दहापैकी दोन.

सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत अवघड क्षण. दुखणं फक्त दोन, शर्यत सहा आठवड्यांवर, आणि प्रशिक्षकांचं मन सुरुवात करावी या बाजूला झुकलेलं. फिजिओथेरपिस्ट मात्र ठाम राहिल्या: निकष शून्याचा आहे, दोनचा नाही. सहा दिवस आणखी थांबले. चौतिसाव्या दिवशी तिन्ही संच स्वच्छ गेले.

मग एक दिवसाआड, मातीच्या मैदानावर: १ मिनिट धाव, २ मिनिटं चाल, आठ फेऱ्या. नंतर २ आणि १, मग ४ आणि १. दुखलं तर एक पायरी खाली, दोनदा नीट झालं तरच एक पायरी वर. पावलांचा वेग मिनिटाला १६२ वरून १७० वर नेला, म्हणजे पाच टक्के जास्त. पाऊल आखूड पडलं की नडगीवरचा धक्का कमी होतो. फोनवरच्या टिकटिकीच्या तालावर हे चार-पाच धावांत जमलं. मात्र ज्या आठवड्यात ताल बदलला त्याच आठवड्यात वेळही वाढवली, आणि पोटऱ्या इतक्या आखडल्या की एक धाव सोडावी लागली. एका आठवड्यात एकच गोष्ट बदलायला हवी होती.

शर्यत सोडण्याचा निर्णय

पहिल्या धावेपासून अटीच्या तारखेपर्यंत फक्त १५ दिवस मिळाले. त्या दिवशी ते ५ किलोमीटर सलग, दुखण्याविना धावले. अट २० ची होती.

त्यांनी विचारलं, “सर, दोन मिनिटं धाव, एक मिनिट चाल, असं सहा तासांत नाही का होणार?” प्रश्न तोंडदेखला नव्हता, त्यावर नीट विचार झाला. दम होता, पाण्यातल्या कामाने तो बराच टिकला होता. पण ४२ किलोमीटर म्हणजे पंचेचाळीस हजारांच्या आसपास पावलं, आणि भरून येणाऱ्या हाडाने तोवर एका वेळी पाच-सहा हजारांपलीकडे काही सोसलं नव्हतं. त्यात पेडर रोडचा चढ शर्यतीच्या उत्तरार्धात येतो, पाय थकलेले असताना. दम आधी परततो, हाड नंतर. याच दोघांमधल्या फरकात माणसं पुन्हा मोडतात. नाव मागे घेतलं गेलं. मुंबईची तिकिटं मात्र रद्द केली नाहीत. सोबत्यांना पाणी द्यायला ते गेले.

गड्ड्याची यात्रा

शर्यत सुटली तरी भाराचा प्रश्न संपला नव्हता. संक्रांतीला सोलापूरच्या सिद्धेश्वराची यात्रा (हीच गड्ड्याची यात्रा), सात नंदीध्वज म्हणजे मिरवणुकीत पेलायच्या उंच, जड काठ्या, ६८ लिंगांची प्रदक्षिणा, आणि मिरवणुकीत अनवाणी चालण्याची त्यांची घरची परंपरा. डिसेंबरमध्ये नंदीध्वज पेलण्याचा सराव असतो, त्याला त्यांनी या वर्षी नकार दिला होता. ‘चालू नका’ असं कोणीही सांगितलं नाही. तसं सांगितलं असतं तर ते चालले असतेच, फक्त कळवलं नसतं. त्याऐवजी चालणं नोंदवहीत आणलं: अक्षता सोहळ्याच्या (यात्रेतल्या प्रतीकात्मक विवाहाच्या) एकाच दिवशी मिरवणुकीत चालायचं, काठी पेलायची नाही, त्या आठवड्यातल्या तिन्ही धावा बंद. दुसऱ्या दिवशी नडगी दाबून पाहिली. दुखणं नव्हतं.

निष्पत्ती

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत १२ किलोमीटर सलग. ड जीवनसत्त्व पुन्हा तपासलं तेव्हा ३४. उन्हाळाभर पहाटे छोट्या धावा आणि ताकदीचे व्यायाम. पावसाळ्यात साताऱ्याची चढ-उताराची अर्धमॅरेथॉन खुणावत होती, पण उतारावर नडगीला बसणारा मार लक्षात घेऊन सपाट रस्त्यावरची निवडली. पुढच्या कोजागरीला ते तुळजापूरला पायी गेले. आधीच्या तीन आठवड्यांत ८, १४ आणि २० किलोमीटर चालण्याचा सराव, तुळजापूरच्या वेशीपर्यंत बूट आणि मग अनवाणी, त्या आणि पुढच्या आठवड्यात धावणं निम्मं, वेगाचे टप्पे पूर्ण बंद. नवरात्रात उपास मोडला नाही, पण राजगिरा, दूध, दही, शेंगदाणा आणि रताळं यांनी पोट भरलेलं ठेवलं. जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन त्यांनी ४ तास ३१ मिनिटांत पूर्ण केली.

वेगळं काय करता आलं असतं

दुखणं सुरू झाल्यापासून एमआरआयपर्यंत दोन आठवडे गेले, आणि त्यातच २६ किलोमीटरची धाव झाली. त्यातलाच एक आठवडा स्वच्छ क्ष-किरण चित्रामुळे निघून गेला. एका बोटाने दाखवता येणारी दुखरी जागा आणि एका पायावर उडी मारता न येणं, एवढ्या दोन खुणा दिसल्या की धावणं त्याच दिवशी थांबवायचं, तपासणी मग झाली तरी चालते. तसं केलं असतं तर दुखापत श्रेणी १ वर थांबली असती का, हे आता ठरवता येणार नाही. पण चार आठवड्यांऐवजी दोन-तीन लागण्याची शक्यता होती, आणि मग फळ्यावरचा हिशेब बराच वेगळा दिसला असता.

२० किलोमीटरची अट योग्य होती, पण ती एकच असायला नको होती. मधल्या टप्प्यावर, समजा शर्यतीच्या ३५ दिवस आधी ‘३० मिनिटं सलग धाव’ अशी दुसरी अट असती, तर निर्णय दोन आठवडे आधी झाला असता. ते दोन आठवडे धावपटूने आशेवर काढले, आणि पोटऱ्या आखडण्याइतकी घाई त्या आशेतूनच झाली.

बरं होण्याचं श्रेय कशाला द्यायचं, यावर प्रशिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट यांचं आजही एकमत नाही. पावलांचा ताल, ताकद, नाचणी, ड जीवनसत्त्व आणि विश्रांती हे सगळं एकाच वेळी चालू होतं. आमचं मत विश्रांती आणि पोटभर खाण्याच्या बाजूने झुकतं. कारण दुखापतीच्या आधीच्या महिन्यात नेमक्या याच दोन गोष्टी कमी पडल्या होत्या.

प्रशिक्षकांनी आपल्या गटातल्या सगळ्यांच्या नोंदवहीत आता एक जादा रकाना घातला आहे: ‘धावण्याखेरीज पायांनी काय केलं.’ कारखान्यातली उभी पाळी, तुळजापूर, गड्डा, लग्नातली वरात, शेतातली मळणी, सगळं मिनिटं आणि जोरासकट तिथे येतं. ऑक्टोबर सुरू होताना प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला जातो, या वर्षी कोजागरीला चालणार का. उत्तर हो असेल तर त्या आठवड्यांचा सराव आधी खोडून नव्याने लिहिला जातो.